मिस फरार व आमचा स्वाभिमान

आमच्या मुलुंडातील मुलींच्या एका शाळेने गेल्या वर्षी वर्धापनदिनानिमित्त स्मरणिका काढली. तीत महाराष्ट्रातील स्त्रीशिक्षणाच्या उगमावर एक लेख आम्ही लिहावा, अशी विनंती मंडळाच्या कार्याध्यक्षांनी केली. ते आमचे जुने स्नेही, आणि विषयही आमच्या आवडीचा, म्हणून आम्ही ती मान्य केली. स्मरणिका हाती आली तेव्हा लेख जागच्या जागी होता, शीर्षक होते, आमचे नाव पदवीसह छापलेले होते. फक्त मधल्या अकरा ओळी नव्हत्या. छपाईत ओळी गळतात हे आम्हांस ठाऊक आहे. परंतु छपाईत गळणाऱ्या ओळी मागचे-पुढचे वाक्य लंगडे करून जातात. या अकरा ओळी मात्र मोठ्या सफाईने गेल्या होत्या. त्यांच्या मागची व पुढची वाक्ये एकमेकांस नीट सांधलेली होती. सबब हे काम यंत्राचे नसून मनुष्याचे, हे उघड झाले.

त्या ओळींत काय होते? एवढेच, की सिंथिया फरार नावाची एक अविवाहित अमेरिकन बाई १८२७ साली जूनमध्ये बोस्टनहून निघाली व वर्षाच्या अखेरीस मुंबईस उतरली. अमेरिकन मिशनने १८२४ पासून येथे चालविलेल्या मुलींच्या शाळांची देखरेख तिने पत्करली. प्रकृती ढासळल्यामुळे ती १८३७ मध्ये स्वदेशी गेली, १८३९ मध्ये परतली ती अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास. आणि १८६२ च्या जानेवारीत तेथेच वारली. शेवटी असे होते, की जोतीराव फुले यांनी तिच्या नगरच्या शाळा पाहिल्या आणि त्यानंतर पुण्यास मुलींची शाळा काढली. यात विशेषण एकही नव्हते. विशेषणे छाटली असती तर आम्ही चकार शब्द काढला नसता. आमच्या लेखांत ती नेहमीच थोडी अधिक असतात.

आम्ही स्नेह्यांना भेटावयास गेलो. त्यांनी चहा दिला, इकडचे तिकडचे बोलले आणि अखेर संकोचाने, पण स्पष्टपणे कारण सांगितले. “सर, तुम्ही खोटे लिहिले असे कोणी म्हणत नाही. पण मिशनरी बाईचे नाव आपल्या स्मरणिकेत कशाला? ती बाटवायला आली होती. शिवाय सावित्रीबाईंचे श्रेय उणे होते. उगाच वाद कशाला?” मंडळाचे दुसरे एक सभासद तेथे बसले होते, बोरिवलीचे राहणारे. ते म्हणाले, “आमच्याकडे येऊन एकदा मंडपेश्वर पाहा, म्हणजे मिशनरी काय चीज असते ते कळेल.”

वाद त्यांना नको होता. तो आम्हांस हवा आहे. म्हणून हा लेख.

प्रथम कबुली देऊन टाकू, म्हणजे पुढे कोणी ती आमच्याकडून हिसकावून घेतली असे व्हावयास नको. मिस फरार बाटवावयासच आली होती. ज्या बोस्टनच्या मंडळाने तिला पाठविले त्याचे प्रयोजनच ते होते. १८१० मध्ये स्थापन झालेल्या त्या मंडळाच्या लेखी आपण सारे मूर्तिपूजक, अंधारात चाचपडणारे व तारणास मुकलेले लोक होतो. तिच्या शाळांत वाचन, लेखन व शिवण यांच्या जोडीला येशूची प्रश्नोत्तरावली होती. ती केवळ विद्येच्या प्रेमाने आली असे जे मिशनरी चरित्रकार सुचवितात, ते तिच्यावरही अन्याय करतात; कारण तिची श्रद्धा तिला विद्येहून मोठी होती आणि तिने ती कधी लपविली नाही. पण ही कबुली दिल्यानंतर आमच्या स्नेह्यांचा मुद्दा संपतो असे ते समजतात, आणि आमच्या मते तो तेथे नुकता सुरू होतो.

कारण प्रश्न ती कशासाठी आली हा नाही. आपल्या लोकांनी तिच्याकडून काय घेतले, हा आहे.

जोतीरावांचेच उदाहरण घ्या. पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत ते शिकले. पुढे नगरास आपले मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्यासमवेत त्यांनी मिस फरारच्या मुलींच्या शाळा पाहिल्या. मुली बसल्या आहेत, वाचीत आहेत, हे दृश्य डोळ्यांनी पाहिले. १८४८ मध्ये त्यांनी पुण्यात भिडे वाड्यात शाळा उघडली. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे नगरास फरारबाईंकडे व पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल शाळेत घेतले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. आता हिशेब करा. मिशनच्या शाळेत शिकलेला, मिशनच्या शाळा पाहिलेला, मिशनऱ्यांशी स्नेह असलेला, स्वजातीयांनी छळलेला आणि बापाच्या घरातून पत्नीसह बाहेर पडावे लागलेला हा तरुण. ख्रिस्ती होण्यास याहून अनुकूल परिस्थिती कोणती असावयाची? आणि जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत. १८७३ मध्ये त्यांनी सत्यशोधक समाज काढला आणि अखेरच्या ग्रंथात आपला सार्वजनिक सत्यधर्म मांडला. त्यांनी शाळा घेतली. बाप्तिस्मा घेतला नाही. हे निवडून घेणे ज्याला साधले, त्या मनुष्याच्या थोरवीला मिस फरारच्या नावाने धक्का पोहोचतो असे मानणाऱ्यांना जोतीराव मुळीच कळलेले नाहीत, असे आम्ही स्पष्ट म्हणतो.

फरारबाईंचे नाव गाळल्याने सावित्रीबाई मोठ्या होत नाहीत. त्या अद्भुत होतात. कोणी पाहिले नाही, कोणी शिकविले नाही, आकाशातून वीज पडावी तशी एक मुलगी एके दिवशी वर्गात उभी राहिली, अशी ती कथा होऊन बसते. अद्भुताला हार घालता येतो, त्याचे अनुकरण करता येत नाही. उलट नायगावची, १८३१ साली जन्मलेली, लहानपणी लग्न होऊन पुण्यास आलेली मुलगी एका परकीय बाईसमोर विद्यार्थिनी म्हणून बसते, तिचे उच्चार, तिचा धर्म, तिचा वेष सारे अपरिचित, आणि तिच्याकडून वर्ग चालविण्याची कला तेवढी उचलून परत येते, हे चित्र आम्हांस कितीतरी अधिक धैर्याचे वाटते. शाळेतल्या मुलींनाही तेच वाटेल, अशी आमची समजूत आहे. पण मुलींना विचारतो कोण? स्मरणिका सभासदांसाठी असते.

आता मंडपेश्वराविषयी. बोरिवलीकर सभासदांचे आम्ही आभारी आहोत, कारण त्यांनी निदान एक जागा दाखविली. बहुतेक लोक या वादात जागा दाखवीत नाहीत, हातवारे करतात. ते म्हणतात ते खरे आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज फ्रान्सिस्कन संन्याशांनी त्या शैव लेण्याचे प्रार्थनामंदिर केले आणि वर मठ बांधला. त्याचे भग्नावशेष आजही टेकडीवर उभे आहेत. पुढे १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत मराठ्यांनी साष्टी व वसई घेतली तेव्हाच त्या सत्तेचा येथील अंमल संपला. आम्ही त्या लेण्यात उभे राहिलो आहोत, आणि तेथे उभे राहून ज्याला काहीच वाटत नाही तो मनुष्य इतिहास शिकविण्यास नालायक, असे आम्ही मानतो. परंतु त्या संन्याशांच्या मागे राजा होता, तोफा होत्या, जमिनीचे उत्पन्न होते. मिस फरारच्या मागे काय होते? ज्या मिशनमध्ये ती आली त्याचे पहिले दोन पाद्री, गॉर्डन हॉल व सॅम्युअल नॉट, १८१३ मध्ये मुंबईस उतरले तेव्हा कंपनी सरकारने त्यांना हुसकून लावण्याचे हुकूम काढले होते. ते मोठ्या मिनतवारीने राहिले. हे लोक राज्यकर्त्यांच्या जातीचेही नव्हते. इंग्रजांशी दोन युद्धे केलेल्या देशाचे होते. पोर्तुगीज संन्याशी आणि न्यू हॅम्पशरच्या खेड्यातली बत्तीस वर्षांची मास्तरीण यांना एकाच शब्दात कोंबणे हे इतिहासज्ञान नव्हे, आळस आहे.

मात्र या मुद्द्याची दुसरी बाजू आम्ही सांगितली नाही, तर आम्हीही आमच्या ओळी गाळल्यासारखे होईल. बोस्टनचे हेच मंडळ त्याच वर्षांत आणखी एका ठिकाणी बायका पाठवीत होते: अमेरिकेच्याच पश्चिम सरहद्दीवर, तेथील मूळ रहिवाशांत. नार्सिसा नावाच्या एका तरुणीने त्या कामासाठी अर्ज केला, तेव्हा अविवाहित स्त्रीला तिकडे काम नाही असे तिला कळविण्यात आले; मग मार्कस व्हिटमन या डॉक्टराशी विवाह करून ती १८३६ मध्ये रॉकी पर्वत ओलांडून ऑरेगॉनात गेली. तिच्याबरोबर एलायझा स्पॉल्डिंग होती. पर्वतापलीकडे त्या वाटेने गेलेल्या या पहिल्या गोऱ्या स्त्रिया. कायूस नावाच्या जमातीत व्हिटमन दांपत्याने ठाणे घातले, शाळा घातली, अनाथ पोरे सांभाळली. परंतु त्यांच्या मागोमाग जमीन शोधणाऱ्या वसाहतवाल्यांचे गाड्यांचे तांडे येत होते, आणि ते ठाणे त्या तांड्यांचे विश्रामस्थान बनले. तांड्यांबरोबर गोवर आला. जमातीची माणसे, विशेषतः मुले, भराभर मेली. १८४७ च्या नोव्हेंबरात कायूसांनी ठाण्यावर हल्ला करून नार्सिसा व तिचा पती यांना इतर अनेकांसह ठार केले. १८५० मध्ये त्या जमातीच्या पाच पुरुषांना फाशी झाली आणि देश गोऱ्यांचा झाला.

एकच मंडळ, एकच बायबल, जवळपास एकाच वयाच्या व एकाच मुलखातल्या बायका. तेथे शाळेच्या मागून गाडा आला व जमीन गेली. येथे शाळेच्या मागून जोतीराव आले. हा फरक मिस फरारच्या सद्गुणांचा नव्हे. ती ऑरेगॉनात गेली असती तर तिच्याही दारात तेच तांडे उतरले असते. फरक हा, की येथे तिच्याभोवती एक जुना, लेखन जाणणारा, हट्टी समाज होता. जमीन बळकावणारे होते ते दुसरे होते व त्यांनी तिचे साह्य मागितले नव्हते. तिला स्वतःच्या शाळांत पंतोजीसुद्धा आमच्यातलेच, बहुधा ब्राह्मण, नेमावे लागत. कारण मराठी शिकविणारी स्त्री मिळणार कोठून? गंधाचा टिळा लावलेला पंतोजी मिशनचा पगार घेऊन मुलींना अक्षरे गिरवावयास लावतो आणि घरी जाऊन स्नान करतो, या दृश्यात जो विनोद आहे तो आमच्या नाटककारांच्या नजरेतून सुटला याचे आम्हांस नेहमी आश्चर्य वाटते.

म्हणून देणाऱ्याच्या हेतूवर मोजमाप ठेवणारे दोन्ही पक्ष आम्हांस सारखेच चुकलेले दिसतात. एक म्हणतो, हेतू पवित्र होता, म्हणून तुम्ही आमचे ऋणी. दुसरा म्हणतो, हेतू कपटी होता, म्हणून आम्ही कोणाचे काही लागत नाही. घेणाऱ्याला हात होते, डोके होते, हे दोघांच्याही ध्यानात येत नाही. मिशनच्या वरिष्ठांना मात्र ते लवकर ध्यानात आले. १८५४-५५ मध्ये बोस्टनहून रूफस अँडरसन व ऑगस्टस थॉम्प्सन हे दोघे तपासणीस आले आणि इतक्या वर्षांच्या शाळांतून ख्रिस्ती किती झाले असा हिशेब मांडू लागले. हिशेब जमेना. परिणामी मिशनने इंग्रजी शिक्षण आवरते घेतले व प्रवचनाकडे मोर्चा वळविला. म्हणजे ज्या शाळांना आपण बाटवण्याचा कारखाना म्हणतो, त्यांत माल निघत नाही म्हणून त्यांच्या मालकांनीच त्या कमी केल्या! आमच्या स्नेह्यांनी ही एक गोष्ट वाचली असती तर त्यांचा स्वाभिमान कितीतरी निश्चिंत झाला असता.

मिस फरार या साऱ्यात कोठे होती? ती स्त्री असल्यामुळे पाद्री होणे तिला शक्य नव्हते. प्रवचनपीठ तिच्यासाठी नव्हते. तिच्या वाट्याला आली ती शाळा. कदाचित याच कारणामुळे तिच्या कामातून शाळा तेवढी उरली. पुरुषांनी दिलेली प्रवचने हवेत गेली.

मुंबईत एल्फिन्स्टनच्या तरुणांनी, दादाभाई नौरोजी प्रभृतींनी, १८४९ मध्ये मुलींच्या मराठी व पारशी शाळा सुरू केल्या, तेव्हा याच शहरात मिशनच्या मुलींच्या शाळा पंचवीस वर्षे चालत होत्या. मुली शाळेत गेल्याने आकाश कोसळत नाही, हे त्या पंचवीस वर्षांत सिद्ध झाले होते. ही सिद्धी कोणाच्या खर्चाने झाली हे विसरावयाचे, आणि दादाभाईंचा मात्र पुतळा पाहून नमस्कार करावयाचा, हा कोठला न्याय?

हीच गोष्ट पुढच्या पिढीत पुन्हा घडली, आणि तेथेही आम्ही तसेच विसरलो. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईस शारदासदन उघडले. त्याला पैसा आला तो बोस्टनला स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनचा. धर्मांतराच्या प्रश्नावरून १८९३ मध्ये गदारोळ झाला. रानडे व भांडारकर यांनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले. त्यांच्या जागी आम्ही असतो तर कदाचित तेच केले असते. मुलींचे आईबाप ज्या भरवशावर त्यांना पाठवीत होते तो भरवसा मोडला, असे त्यांना वाटले व ते वाटणे अगदीच निराधार नव्हते. परंतु त्याच सदनातील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई जोशी. त्याच १८९३ मध्ये तिचा विवाह धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला. ती आनंदीबाई कर्वे झाली. १८९६ मध्ये कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, तो पुढे हिंगण्यास गेला, आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभे राहिले. त्या विद्यापीठाचे एक आवार आमच्या उपनगरांतच, जुहूला आहे. अंधेरीहून, घाटकोपरहून रोज सकाळी मुली तेथे जातात. गोदूबाईही ख्रिस्ती झाली नाही. रमाबाईंकडून तिने जे घेतले ते घेतले आणि कर्व्यांच्या घरी आली. जोतीरावांनी जे केले तेच एका बालविधवेने केले. तिला कोणी विचारवंत म्हणत नाही, एवढाच काय तो भेद.

आम्ही स्वतः या विस्मरणातून मोकळे आहोत असे भासविणार नाही. इंग्रजी वाङ्मयाचे अध्यापक म्हणून आम्ही कैक वर्षे मिल्लचा १८६९ मधील स्त्रीदास्यावरील निबंध वर्गात समजावून सांगितला. तो निबंध लिहिला जाण्याच्या चाळीस वर्षे आधी या शहरात एक बाई मुलींच्या शाळांवर देखरेख करीत फिरत होती, हे आम्हांस पन्नाशीजवळ येईपर्यंत ठाऊक नव्हते. लंडनच्या तत्त्ववेत्त्याचे परकीयत्व आम्हांस कधी बोचले नाही. तो इंग्रजीत, पुस्तकात व दूर होता. मिस फरार मराठी शिकली, येथे राहिली आणि येथेच मेली. तिचे परकीयत्व मात्र आमच्या स्नेह्यांना दोनशे वर्षांनंतरही बोचते. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ मात्र त्यांच्या कपाटात आहेत, आम्ही पाहिली आहेत, आणि ती पाने उलटून उलटून मऊ झालेली आहेत. त्या पुस्तकातले नगर कोणाचे नगर होते, असे त्यांना विचारावेसे वाटले. पण चहा चांगला होता, म्हणून राहिले.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. प्रवेशाच्या दिवसांत पहाटे चार वाजता या उपनगरांतील कॉन्व्हेंट शाळांच्या फाटकांपाशी ज्या रांगा लागतात त्यांत उभे राहणारे लोक कोण असतात? क्रूस पाहून ते परत फिरत नाहीत. नन् बाईंच्या समोर ते इतक्या नम्रतेने बसतात की तेवढी नम्रता त्यांनी स्वतःच्या गुरुजनांस क्वचित दाखविली असेल. मंडळाच्या ज्या बैठकीत आमच्या अकरा ओळी गेल्या त्या बैठकीतील निदान दोघांच्या नाती आज अशाच शाळांत शिकत आहेत, हे आम्हांस माहीत आहे, कारण पेढे आम्ही खाल्ले आहेत. आम्ही त्यांना दोष देत नाही. मुलीला जेथे उत्तम शिक्षण मिळेल तेथे ते घ्यावे, आणि जे नको ते फाटकाबाहेर ठेवावे. हा जोतीरावांचाच मार्ग आहे. आमचे म्हणणे इतकेच, की फी मोजून घेताना ज्यांचा स्वाभिमान शांत असतो, त्यांचा तो फुकट मिळालेल्या गोष्टीची पावती देताना एकाएकी जागा होऊ नये.

निघताना स्नेही दारापर्यंत आले. म्हणाले, “सर, रागावला नाहीत ना? प्रती संपत आल्या आहेत, दुसरी आवृत्ती काढावी म्हणतो. त्या वेळी बघू.” बोरिवलीकर सभासदांनी मात्र मान हलविली, ती होकाराची की नकाराची ते आम्हांस कळले नाही. दुसऱ्या आवृत्तीची वाट आम्ही पाहत आहो. अकरा ओळी आमच्या टेबलाच्या खणात जशाच्या तशा आहेत. निरोप येताच पाठवून देऊ, आणि जागेची अडचण असेल तर आमच्या नावापुढची पदवी काढून तेवढी जागा करावी.